लक्ष्या-अशोकमामांच्या सिनेमांनी मराठी सिनेमा बुडवला? साफ नामंजूर

तिसरी घंटा
निळावंती यांनी परवा लिहिलं की १९८५ नंतरच्या विनोदी चित्रपटांनी मराठी सिनेमाचं वाटोळं केलं. कथा उसन्या, अभिनय म्हणजे आरडाओरडा, आणि आज ते आवडतात ते केवळ लहानपणी टीव्हीवर पाहिले म्हणून. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

कथा उसन्या, हे खरंच आहे. 'धूमधडाका' (१९८५) म्हणजे 'प्यार किये जा', आणि तोसुद्धा १९६४ च्या एका तमिळ चित्रपटावरून. 'अशी ही बनवाबनवी'चं (१९८८) मूळ हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये (१९६६). पण 'बीवी और मकान'मधलं एक तरी वाक्य तुमच्या घरात कुणी बोलतं का? गोष्ट तीच. पोरांना राहायला जागा मिळेना, म्हणून दोघांनी साडी नेसायची. मग फरक कुठे पडला? लिहिणाऱ्यात. वसंत सबनीस. 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य याच माणसाचं, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या'सुद्धा (१९७१) याचाच. वग लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वाक्य टाकणाऱ्याइतकाच ते झेलणाराही महत्त्वाचा.

'बनवाबनवी'तला इस्तंबूलच्या औषधाचा प्रसंग पुन्हा एकदा नीट बघा. घरमालक सुधीर जोशी औषधाला दिलेल्या सत्तर रुपयांबद्दल विचारतायत आणि अशोक सराफ दुखवट्याला बसल्यासारख्या चेहऱ्याने उत्तरं देतायत. आरडाओरडा सोडा, अशोकमामांचा आवाज उलट खाली येतो. अर्धं हसू तर सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर आहे. हा माणूस आपल्याला गंडवतोय हे कळतंय, पण मयताचं नाव निघाल्यावर चिडायचं कसं? पाच विनोदवीरांना ओळीने उभं करूनही हे जमत नाही. त्याला ताल लागतो, आणि तो ताल यांच्यात नाटकांचे प्रयोग करून करून मुरलेला होता. लक्ष्मीकांत बेर्डेही, म्हणजे आपला लक्ष्या, 'टूरटूर' नाटक करून आलेला.

याला तुम्ही निव्वळ आठवणींचं प्रेम म्हणणार असाल तर आपलं जमायचं नाही.

निळावंती
दरवेळी हेच होतं. कुणी या काळाबद्दल बोललं की 'बनवाबनवी' पुढे करायचा. तो चांगला आहे, मी कधी नाही म्हटलं? पण त्याच्या मागून जी रांग लागली तिचं काय? तोच वेषांतराचा घोळ, तोच तोतया बाप, शेवटी तीच मारामारी. त्यातले किती सिनेमे तुम्ही आज पूर्ण बघू शकता?

'सामना' १९७५ चा, 'सिंहासन' १९७९ चा, 'उंबरठा' १९८२ चा. ही गंभीर सिनेमाची वाट नीट रुळली असती तर? 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक पुन्हा मराठीत यायला 'श्वास' उजाडावा लागला. पन्नास वर्षं! त्याला काहीच कारण नसेल?

आणि लक्ष्मीकांतबद्दल तुम्हीच बोलताय म्हणून विचारते. 'एक होता विदूषक' (१९९२) कितीदा पाहिलात? पटकथा पुलंची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, गाणी महानोरांची. त्यात तो काय उभा राहिलाय! पण लक्ष्याला बघून खिदळायला येणाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. त्या गुणी नटाला तुमच्या या लाडानेच एका चौकटीत कोंडलं. २००४ मध्ये तो गेला, त्यानंतर सगळ्यांना त्याच्यातला नट दिसायला लागला. मला याचा मनापासून राग आहे आणि तो राहणार.

पिटातला
निळावंतीताई, तुम्ही राहता कुठे माहीत नाही. आमच्याकडे जत्रेत तंबू लागायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर माझे काका लालबागची खोली सोडून गावी आले ते कायमचे. घरात आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. 'उंबरठा' मोठाच सिनेमा आहे, पण त्या माणसाला तुम्ही तो दाखवणार होता? त्यांना मी तंबूत 'धूमधडाका' बघताना पाहिलंय. लक्ष्या शरद तळवलकरांना भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो ना, तिथे काका डोळे पुसत होते, हसून हसून. शेजारी काकू. ती पडद्याकडे बघतच नव्हती, काकांकडे बघत होती.

आणि जागा न मिळण्यावर हसायला आपल्याला 'बनवाबनवी'नेच शिकवलं. मी पुण्यात खोली शोधत फिरलोय. एकटा पोरगा म्हटल्यावर दारं कशी लागतात ते ठाऊक आहे मला. तो सिनेमा उथळ वाटतो त्यांना भाड्याच्या खोलीसाठी कधी फिरावं लागलेलं नसतं.

जुनी टेप
माझा मुद्दा वेगळा आहे, पण इथेच लिहितो. हे सिनेमे टीव्हीवर लागतात तेव्हा गाणी कापतात. जाहिरातींना जागा हवी म्हणून अख्खं कडवं उडवतात. अरुण पौडवाल यांचं संगीत म्हणजे काय भरताड आहे? 'बनवाबनवी'तल्या 'हृदयी वसंत फुलताना'त चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा स्वभाव गाण्यात उतरलाय. ते मधूनच तोडलं की पुढच्या प्रसंगालाही धार राहत नाही. चॅनेलला मेल लिहिली होती, उत्तर आलं नाही. सिनेमा बुडाला की तरला हे नंतर ठरवा, आधी तो सबंध तरी दाखवा.

चाफेकळी
गाण्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते.

माझ्या डोहाळजेवणाला 'कुणीतरी येणार येणार गं' लावलं होतं. सगळ्यांच्याच लावतात. ओटी भरून झाली, बायका नाचायला लागल्या, आणि मी झोपाळ्यावर बसून विचार करत होते की सिनेमात या गाण्यात गरोदर कोण आहे? लक्ष्मीकांत बेर्डे. पार्वती झालेला परशा. म्हणजे बाळंतपणाचा विनोदसुद्धा पुरुषाच्या वाट्याला! चार जोड्या आहेत म्हणता ना? त्यातल्या चार बायकांचं हशा घेणारं एकेक वाक्य सांगा. अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता, प्रिया. सगळ्या ताकदीच्या. त्यांनी फसायचं, लाजायचं आणि शेवटी माफ करायचं.

मी कॉलेजात एकांकिका करायचे. तालमीत मी एका वाक्यावर हशा घेतला, तर दिग्दर्शकाने ते वाक्य दुसऱ्या दिवशी एका मुलाला दिलं. म्हणे मुलीने हसवलं की ती चावट दिसते. ते वाक्य मला अजून पाठ आहे. तेव्हा सिनेमा बुडाला की नाही हा तुमचा वाद राहू द्या. माझा प्रश्न आहे की तो होता कुणाचा?

पिटातला
आता यातही बाई-पुरुष आणायचंच का? सगळा महाराष्ट्र एकत्र बसून हसतो असे चार सिनेमे आहेत, त्यातही खोट काढायची. बालगंधर्व साडी नेसून उभे राहिले तेव्हा बायकाच त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. आपली परंपरा आहे ती.

चाफेकळी
बालगंधर्व स्त्री साकारायचे. इथे पुरुषाला साडीत बघून हसायचंय. दोन्ही एका पंक्तीला बसवू नका. आणि "आणायचंच का" म्हणजे काय? तुम्ही तुमच्या काकांची गोष्ट सांगितलीत, ती मी शांतपणे वाचली. माझी सांगितली की ती खोट?

तिसरी घंटा
पिटातला, जरा दमानं. चाफेकळीताई, तुमचंही पूर्ण पटलेलं नाही. 'बनवाबनवी'तली माधुरी, म्हणजे अश्विनी भावे, दुकानाची मालकीण आहे. धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, तिच्याकडे नोकरीला आहे, तिच्यासमोर हात जोडून उभा राहतो. १९८८ मध्ये हे किती सिनेमांत होतं? शिवाय नयनताराबाईंनी केलेल्या घरमालकीण लीलाबाई काळभोर, त्यांना विसरून चालेल? आणि प्रेमा किरण? 'धूमधडाका'तली अंबाक्का, 'दे दणादण'मधली तिची बोलायची पद्धत. ती लक्ष्याला खांद्याला खांदा लावून पुरून उरायची.

चाफेकळी
प्रेमा किरणचं नाव घेतलंत, बरं वाटलं. मान्य, ती हशे घ्यायची, हक्काने घ्यायची. पण मग तिच्यासाठी म्हणून कुणी सिनेमा लिहिला का? अशोक सराफांसाठी लिहिले, लक्ष्यासाठी लिहिले, 'झपाटलेला'तल्या बाहुलीसाठीसुद्धा लिहिला. २०२२ मध्ये ती गेली तेव्हाच्या बातम्यांतही ओळख काय होती? लक्ष्याची जोडीदार.

माधुरी मालकीण आहे, हेही मान्य. पण त्या मालकीणबाईंना विनोद कळतो की नाही, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

निळावंती
चाफेकळी, हे मला सुचायला हवं होतं. मी दर्जाचं बोलत बसले. खरं तर स्मिता तळवलकरांनी १९९३ मध्ये 'सवत माझी लाडकी' करून दाखवला होता. नीना कुलकर्णी त्यात न ओरडता, न रडता सगळ्यांना गुंडाळते. विषय कसला? नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. एरवी यावर तीन तास रडारड झाली असती. त्या वाटेने पुढे कुणी का गेलं नाही, हा खरा प्रश्न आहे.

जुनी टेप
हिंदीवाल्यांनी तरी काय केलं? लक्ष्मीकांतला 'हम आपके हैं कौन'मध्ये घरगडी केला. आपला नट म्हटला की हातात ट्रे. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी पानंच्या पानं लिहीन.

पिटातला
चाफेकळीताई, तुमची गोष्ट खोट म्हणायचा माझा हेतू नव्हता. आवाज चढला, कारण त्या सिनेमावर माझा जीव आहे. आई माझी गावी असते. 'झिम्मा' लागला तेव्हा तिला तालुक्याला घेऊन गेलो होतो. निर्मिती सावंत पडद्यावर आल्या की ती मला कोपराने ढोसायची. 'गंगूबाई नॉनमॅट्रिक' टीव्हीवर लागायची तेव्हा ती जेवणाचं ताट हातात घेऊन समोर बसायची. लक्ष्याला ती हसायची, पण कधी ढोसलं नव्हतं. एवढं सांगतो. तरी 'बनवाबनवी'ला हात लावायचा नाही.

चाफेकळी
कोण लावतंय हात? मुलीला मीच दाखवला तो. तीही हसली. नंतर मात्र टीव्हीवरच्या "हास्यजत्रा"तली नम्रता संभेराव लावून बसली आणि तिची नक्कल करायला लागली. परशाची नक्कल तिने केली नाही.

तिसरी घंटा
नक्कल हा काही पुरावा नाही. वाक्य पिढ्यान्पिढ्या टिकतं ते लिहिणाऱ्यामुळे, मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. बायकांच्या विनोदाला सबनीसांच्या ताकदीचा लेखक मिळाला असता तर हा वादच झाला नसता. तसं आज कोण लिहितंय, नाव सांगा.

निळावंती
'झिम्मा' इरावती कर्णिकने लिहिला. 'बाईपण भारी देवा' वैशाली नाईकने, आणि २०२३ मध्ये त्याला बायका घोळक्याने गेल्या, नऊवारी नेसून, गॉगल लावून. दोन नावं दिली. सबनीसांच्या ताकदीच्या आहेत की नाही हे लगेच ठरवू नका. 'बनवाबनवी'ला पस्तीस वर्षं दिलीत, तेवढीच यांनाही द्या.

तिसरी घंटा
'झिम्मा' पाहिलाय. निर्मिती सावंत आणि सुहास जोशी समोरासमोर येतात तिथे ताल आहे, नाकारत नाही. 'बाईपण' मला पसरट वाटला. त्यातलं कुठलं वाक्य तुमच्या घरात बोललं जातं ते लिहा, मग पुढे बोलू.