ऑनलाइन कोर्सचं अनुदान: पैसा बनवायला की चालवायला?

भूगर्भी
नागपुरातल्या एका विद्यापीठात (नाव मुद्दाम घेत नाही) प्राध्यापकांना ऑनलाइन कोर्स तयार करायला अंतर्गत अनुदान मिळतं. यंदा नियम बदलायचे म्हणून सूचना मागवल्यात. माझी सूचना एकच: निम्मा पैसा कोर्स बनवायला द्या, निम्मा तो चालवायला राखून ठेवा.

आज सगळा पैसा चित्रीकरणात जातो. कॅमेरा, माइक, हिरवा पडदा, एडिटिंगवाल्याचं बिल. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, म्हणून फेब्रुवारीत धडाधड व्हिडिओ उरकतात. कोर्स मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) चढतो, पहिली बॅच होते. दुसऱ्या वर्षी पोरांच्या शंकांना उत्तर द्यायला कुणी नाही, चाचणीतले प्रश्न तेच, आणि त्यांची उत्तरं एव्हाना व्हॉट्सॲपवर फिरलेली. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असे चार भाग कोर्सला असावेत, असं यूजीसीच (विद्यापीठ अनुदान आयोग) सांगते. पहिले दोन एकदा केले की काही वर्षं चालतात. उरलेल्या दोघांना दर सत्रात माणूस लागतो आणि त्याच्यासाठी अनुदानात छदाम नाही.

खतावणी
लेखा विभागात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. ‘राखून ठेवा’ म्हणणं सोपं आहे. राखलेला पैसा मार्चअखेर लॅप्स होतो, म्हणजे हातचा जातो. कॅमेऱ्याचं बिल असतं, डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंची वही) नोंद होते, ऑडिटर टिक करून जातो. ‘शंकांना उत्तरं दिली’ याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामी लागल्याचा दाखला) कसं द्यायचं? वर प्राध्यापकांना फायदा आहेच की! यूजीसीच्या २०१८च्या नियमांत चार क्रेडिटचा, म्हणजे सत्रभराच्या विषयाएवढा, पूर्ण मूक (MOOC, सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) बनवला तर बढतीसाठी २० गुण. आणखी मानधन म्हणजे पेन्शनच.

भूगर्भी
त्याच तक्त्यात कोर्सच्या समन्वयकाला ८ गुण आहेत, तेही वाचा. बनवायला २० आणि सांभाळायला ८ म्हटल्यावर माणूस जुना कोर्स सांभाळेल की नवा काढेल?

बर्डीवाला
अहो पण बनवायचाच काऊन? केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल स्वयम २०१७ पासून आहे, आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल त्याच्याही कितीतरी आधीपासून. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करून त्यांची क्रेडिट घेता येतात. आयआयटीचे सर फुकटात शिकवून राहिले, अन् आपण त्याच थर्मोडायनॅमिक्सचे व्हिडिओ काढून राहिलो. स्वयमवर शिकणं फुकट आहे, परीक्षेला मात्र फी पडते. अनुदान बंद करा अन् पोरांची ती फी भरा. विषय संपला, बाप्पा.

भूगर्भी
थर्मोडायनॅमिक्सपुरतं शंभर टक्के मान्य. जे स्वयमवर चांगलं आहे त्याला अनुदान नाही, असा नियमच करावा. पण माझा विषय, भूविज्ञान घ्या. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला अतिप्राचीन आर्कियन काळातले नाइस खडक. कामठीवरून तर गोंडवाना खडकांच्या (आपला बहुतेक कोळसा ज्यांत सापडतो ते) एका गटाला नाव मिळालं. मनसर-कांद्रीला मँगनीज, उमरेडला कोळसा. एवढी विविधता एका दिवसाच्या बसप्रवासात दिसते आणि आमची पोरं ती पुस्तकातल्या परदेशी फोटोंवरून शिकतात. हा कोर्स आयआयटी कशाला बनवेल?

तिरोड्याची
तुमच्या भांडणात विद्यार्थ्यांचं कुणी विचारलंच नाही, म्हणून लिहिते. पन्नास मिनिटांचा व्हिडिओ मी कधीच पूर्ण पाहिलेला नाही. सर स्लाइड वाचतात, ती मलाही वाचता येते. आठ-दहा मिनिटांचे तुकडे करा, सोबत मराठी नोट्स द्या, आणि शंका विचारली तर त्याच आठवड्यात उत्तर द्या. एका कोर्सला मी सप्टेंबरात प्रश्न टाकला होता, परीक्षा झाली तरी उत्तर नाही. हिरव्या पडद्याचा रंग कसा होता ते मात्र आठवतं.

बर्डीवाले दादा, फीचं तुमचं बरोबर आहे. पण स्वयमच्या इंग्रजी व्याख्यानात अडकलं तर मी विचारू कुणाला?

उत्तरपत्रिका
खतावणी साहेब, बिलाचा प्रश्न इतका अवघड नाही. पेपर तपासायला आपण प्रति उत्तरपत्रिका मानधन देतोच ना? तसंच इथे करा. सत्राअखेर जितक्या विद्यार्थ्यांनी शेवटचा स्वाध्याय दिला आणि तो तपासून शेऱ्यासह परत गेला, तितक्यांचं बिल. कोर्स मेला तर बिल शून्य. म्हणजे तुम्ही म्हणता ती पेन्शनही थांबली.

खतावणी
हे हेडमध्ये (मंजूर खर्चाच्या सदरात) बसवता येईल. पण दोन अटी. एक, प्रत्येकाने वेगळा कॅमेरा मागायचा नाही, सगळ्यांना मिळून एकच स्टुडिओ. दोन, संख्या फुगवण्यासाठी कोऱ्या स्वाध्यायावर शेरे मारले जातील, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजच्या प्राध्यापकाकडून काही नमुने तपासून घ्यायचे.

भूगर्भी
स्टुडिओ मान्य, नमुना तपासणीही मान्य. पण माणशी बिलाला माझा विरोध आहे. वाणिज्यच्या कोर्सला पोरं शेकड्याने येतील, भूविज्ञानाला दहा-बारा. छोट्या विषयाला किमान रक्कम ठरवून दिली नाही, तर पुढच्या वर्षी यादीत फक्त टॅली आणि कम्युनिकेशन स्किल्स उरतील.

बर्डीवाला
मंग दहा-बारा पोरांले बसमध्ये बसवून मनसरले न्या ना, राजेहो! ऑनलाइन कायले?