कल्चरमध्ये प्रतिरोधक जीवाणू आढळूनही अँटिबायोटिक का दिले नाही?

अनघा यांचा प्रश्न:
माझे वडील बारा दिवसांपासून अतिदक्षता विभागात आहेत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना सहा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. आता ते स्वतः श्वास घेतात, त्यांना ताप नाही आणि थोडे जेवणही जाते. चार दिवसांपूर्वी त्यांच्या गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये आणि कॅथेटरमधून (लघवीच्या नळीतून) घेतलेल्या लघवीत क्लेबसिएला हा जीवाणू वाढल्याचा कल्चरचा (नमुन्यातील जीवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आला. त्यात मेरोपेनेमसह बहुतेक सर्व औषधांपुढे ‘आर’ असे लिहिलेले आहे. त्याच संध्याकाळी त्यांना वेगळ्या खोलीत हलवले, आणि आम्हालाही एप्रन व हातमोजे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. उपचारांविषयी विचारले असता डॉक्टर म्हणाले की हे केवळ ‘कोलोनायझेशन’ आहे, औषधाची गरज नाही. इतका घातक जीवाणू सापडल्यावर रुग्णाला वेगळे ठेवायचे पण औषध मात्र द्यायचे नाही, हे मला समजत नाही. तो आला कुठून, आणि पुढे पसरू नये म्हणून नेमके काय करायला हवे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रयोगशाळेतला यांचे उत्तर:
अनघाताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे असे रिपोर्ट रोज लिहितो. रिपोर्टमधला ‘आर’ एवढेच सांगतो की त्या औषधाला तो जीवाणू दाद देत नाही. तो जीवाणू रुग्णाला आजारी करत आहे की नुसता शरीरात राहत आहे, हे रिपोर्ट सांगू शकत नाही. ते रुग्णाला तपासूनच ठरवावे लागते. क्लेबसिएला आतड्यात एरवीही असतो. त्याने तिथे ठाण मांडले पण ऊतींमध्ये शिरकाव केला नाही, तर त्या अवस्थेला कोलोनायझेशन म्हणतात. कॅथेटरच्या नळीवर तर काही दिवसांत जीवाणूंचा थर जमतोच. त्यामुळे लक्षणे नसताना लघवीत ते वाढले म्हणून औषध देत नाहीत; गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावरील शस्त्रक्रियेस निघालेले रुग्ण हे याचे मुख्य अपवाद होत.

अशा वेळी अँटिबायोटिक दिल्यास नुकसानच अधिक होते. आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू औषधाने मरतात आणि प्रतिरोधक जीवाणूला सगळे रान मोकळे मिळते. पीक उपटून तण तेवढे राखावे तसा हा प्रकार आहे. शिवाय मेरोपेनेमसारखी औषधे फोडून टाकणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जनुके बहुधा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळांवर असतात आणि ती वर्तुळे एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात. शेवटचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनविरुद्धही असे प्लाझ्मिडवरचे जनुक सापडल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. म्हणून ही राखीव औषधे खऱ्या संसर्गासाठी जपून ठेवावी लागतात.

मात्र हा रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर असू द्या. वडिलांना थंडी वाजून ताप आला, रक्तदाब उतरला, बोलण्यात असंबद्धता आली किंवा लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना पहिले औषध निवडताना त्याचा मोठा उपयोग होईल.

परिचारिका_२२ यांचे उत्तर:
मी संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे. जीवाणू ‘आला कुठून’ याचे उत्तर एका रुग्णापुरते क्वचितच खात्रीने देता येते. कधी तो रुग्णासोबतच येतो आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर संख्येने वाढून दिसू लागतो. पण अतिदक्षता विभागात त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे आमचे हात. एका रुग्णाच्या खाटेचा कठडा सरळ करून दुसऱ्याच्या सलाइनला हात लावला, की काम झाले. हातमोजे घातल्याने हे टळत नाही, कारण तेच मोजे घालून दोन रुग्णांना हात लावला तर मोजेच जीवाणू वाहून नेतात. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, अशा हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिल्या आहेत. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचा हँडरब 20 ते 30 सेकंद चोळणे पुरेसे असते. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जीवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांत मात्र साबण आणि पाणीच हवे, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

दुसरा मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे ओलावा. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये 2011 साली असाच क्लेबसिएला 18 रुग्णांमध्ये पसरला. त्यांपैकी 11 जण दगावले आणि त्यातल्या सहा मृत्यूंचे कारण हा संसर्ग ठरले. पहिली रुग्ण घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तो दिसला, आणि जीवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना केल्यावर तो पहिल्या रुग्णापासूनच आल्याचे सिद्ध झाले. मधल्या काळात लक्षणे नसलेले रुग्ण तो बाळगून होते. तिथे तो बेसिनच्या निचऱ्यात आणि स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. म्हणूनच तुमच्या वडिलांचा स्वॅब कोणतेही लक्षण नसताना घेतला गेला. तो घेतला नसता तर आज त्यांच्या शेजारच्या खाटेपर्यंत हा जीवाणू कदाचित पोहोचला असता आणि कोणाला कळलेही नसते. हात धुण्याच्या बेसिनमध्ये उरलेले सलाइन, चहा किंवा नळीतून द्यायचे अन्न कधीही ओतू नका. त्यावर निचऱ्यातले जीवाणू पोसले जातात.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नळ्यांची गोष्ट. शरीरात शिरलेली प्रत्येक नळी ही जीवाणूंसाठी उघडी वाट असते. मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीसाठी) पाच साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्या: हात स्वच्छ करणे, पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, त्वचेला क्लोरहेक्सिडिन लावणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत दर हजार कॅथेटर-दिवसांमागील (एका रुग्णाला एक दिवस अशी नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) रक्तसंसर्गाचा मध्यक 2.7 वरून शून्यावर आला. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. एखादी पायरी चुकली तर परिचारिकेने डॉक्टरांना थांबवायचे, हा अधिकार तिला दिलेला होता, आणि माझ्या अनुभवाने सांगते, यादी भिंतीवर लावणे सोपे असते, हा अधिकार खरोखर देणे अवघड असते. तेव्हा उद्या राउंडच्या वेळी शांतपणे विचारा, “बाबांना लघवीची नळी अजून लागते का?”

रात्रपाळी यांचे उत्तर:
मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण विलगीकरणाची एक बाजू इथे राहून गेली. वेगळ्या खोलीतील रुग्णाकडे कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. प्रत्येक वेळी एप्रन चढवावा लागतो आणि नकळत चालढकल होते. आपल्या वडिलांचे कूस बदलणे, फिजिओथेरपी आणि पाणी पिणे वेळेवर होते ना, याकडे आपण लक्ष ठेवावे आणि होत नसेल तर निःसंकोच बोलावे.

नियंत्रणाचा दुसरा अर्धा भाग आम्हा डॉक्टरांच्या लेखणीत आहे. गंभीर रुग्णाला सुरुवातीला व्यापक प्रभावाचे औषध द्यावेच लागते, परंतु 48 ते 72 तासांत कल्चर पाहून ते बदलणे, आटोपते घेणे किंवा बंद करणे हे तितकेच आवश्यक असते. ‘कोर्स लांबवला म्हणजे सुरक्षित’ ही समजूत आमच्यातही खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात रक्तातील अनेक संसर्गांत सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांइतकेच परिणामकारक ठरले आहेत, आणि वाचलेला प्रत्येक दिवस प्रतिरोधक जीवाणूंना निवडून पुढे आणण्याची एक संधी कमी करतो. त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी या वेळी औषध न देण्याचा घेतलेला निर्णय मला विचारपूर्वक घेतलेला दिसतो.

अनघा:
आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. आज सकाळी विचारल्यावर डॉक्टरांनी लगेच तपासून लघवीची नळी काढली. आणखी एक शंका आहे. बाबा घरी आल्यावर माझ्या आठ वर्षांच्या मुलाला त्यांच्यापासून दूर ठेवावे का?

परिचारिका_२२:
दूर ठेवण्याची गरज नाही, त्याला आजोबांजवळ खुशाल बसू द्या. निरोगी माणसाला याचा धोका फार कमी असतो. बाबांनी शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, त्यांचा डायपर किंवा मळलेले कपडे हाताळल्यावर तुम्हीही धुवावेत. भांडी वेगळी ठेवू नयेत. जीवाणू आतड्यात कित्येक महिने राहू शकतो, म्हणून पुढे ते कोणत्याही रुग्णालयात दाखल झाले, अगदी साध्या कारणासाठी जरी असले, तरी हा रिपोर्ट दाखल होतानाच दाखवा.