भाची पुण्याला यायचं म्हणतेय, नोकरी न ठरवता

ए-२०३ वहिनी: नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, पण इथे सगळ्या क्षेत्रातले लोक आहेत म्हणून टाकतेय. लातूरला माझ्या बहिणीची मुलगी आहे. बी.कॉम. झालीये, तीन वर्षं तिथल्या एका कर सल्लागाराकडे काम करतेय. टॅली, जीएसटी सगळं येतं. पगार अकरा हजार. आता म्हणते, नोकरी सोडून जूनमध्ये पुण्याला येते आणि इथे राहून दुसरी शोधते. साठवलेले सव्वा लाख आहेत. ताई म्हणते, आधी ऑफर हातात येऊ दे. तुमचं काय मत?

सी-१०३ काका: हातचं सोडून येऊ नये. पुण्यात बी.कॉम. पायलीला पन्नास मिळतात.

ए-३०४ काकू: मुलगी एकटी राहणार कुठे? तुमच्याकडेच ठेवा की.

ए-२०३ वहिनी: काकू, आमच्याकडे मुलाची बारावी आणि सासूबाईंचं आजारपण. हॉलमध्ये आठवडाभर ठीक आहे. आणि तिलाच नकोय. म्हणते, मावशीकडे राहिले तर रोज संध्याकाळी "आज काय झालं?" विचारणार.

ए-३०४ काकू: विचारणारच ना. काळजी असते.

सी-४०२ भाडेकरू: वहिनी, मी परभणीहून असाच आलो होतो, नोकरी न बघता. माझं मत, यावं. पण एक सांगतो, तिकडून अर्ज करत बसलं की कंपनीवाले फोनवर पहिलं विचारतात, "सध्या कुठे आहात?" लातूर म्हटलं की "कळवतो". आयटीत निदान पहिली फेरी व्हिडिओवर होते. अकाउंट्सच्या छोट्या ऑफिसात मालक समोर बसवून बघतो, "उद्यापासून ये" म्हणतो. ते बाहेरगावच्या माणसाला कसं जमणार?

बी-५०१: आमच्याकडे नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे लगेच रुजू होणारा माणूस दिसला की एचआर खूश. पण माझं क्षेत्र वेगळं. अकाउंट्सचं अण्णा सांगतील.

सी-१०३ काका: आणि मिळाली नाही तर? परत गेल्यावर लातूरची पण गेलेली.

अण्णा बी-१०१: वाचतोय. जेवून लिहितो.

सेक्रेटरी: चर्चा चांगली आहे, पण कृपया मुद्द्याला धरून. शुभ सकाळचे फोटो मध्ये टाकू नयेत.

अण्णा बी-१०१: हं. अडतीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काढली, त्यावरून सांगतो. यावं की न यावं यापेक्षा कधी यावं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या धंद्याला हंगाम असतो. ३१ जुलैपासून आयकर रिटर्नच्या मुदतींची रांग लागते, टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबर, ऑडिटवाल्यांची रिटर्नं ३१ ऑक्टोबर. सरकार मुदत वाढवतं ते वेगळं. या काळात सदाशिव पेठेपासून टिळक रोडपर्यंत कुठल्याही सीएच्या ऑफिसात जा, माणूस कमीच असतो. जूनमध्ये येणारी मुलगी बरोबर वेळेला येतेय. हीच दिवाळीनंतर आली असती तर मी काकांच्या बाजूने बोललो असतो.

दुसरं, मुलगी लातूरची आहे. लातूर म्हणजे डाळमिल आणि अडत. तीन वर्षं कर सल्लागाराकडे होती म्हणजे अडत्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब), हमाली, तोलाई, बारदान हे तिला शिकवावं लागणार नाही. जुलै २०२२ मध्ये पॅकबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्या पोत्यावर नाही. तेव्हा भल्याभल्यांच्या वह्यांत घोळ झाले. तो काळ तिने डाळवाल्यांच्या गावातच पाहिलाय. काका, पायलीला पन्नास मिळतात ते टॅली शिकलेले. डाळीच्या व्यापाऱ्याचे हिशेब येणारे किती आहेत? आपल्या मार्केट यार्डातला भुसार म्हणजे धान्य-डाळींचा विभाग तिने आधी गाठावा, आयटी पार्कच्या बसमध्ये बसू नये.

बी-५०१: अण्णा, हे भारी. वनाजहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून स्वारगेट, सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. पुढे मार्केट यार्ड बसने काहीच नाही.

ए-२०३ वहिनी: अण्णा, हा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. तीही हिंजवडीच्याच जाहिराती बघत बसलीये.

अण्णा बी-१०१: आणि ऑफिसात भेटायला जायचं तर तारीख बघून जा म्हणावं. दर महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. १८-१९ तारखेला बायोडेटा घेऊन गेलात तर कुणी मान वर करून बघणार नाही. २१ नंतर जा, चहा मिळेल.

सी-४०२ भाडेकरू: 😀 खरंय.

सी-१०३ काका: मान्य. पण सव्वा लाख किती पुरणार?

अण्णा बी-१०१: घर कसं घेते त्यावर आहे. आपल्या कोथरूडात वन बीएचके १८ हजार धरा. डिपॉझिट तीन महिन्यांचं ५४, एजंटचे १८, पहिलं भाडं १८. नव्वद हजार पहिल्याच दिवशी गेले. त्यातलं डिपॉझिट परत मिळतं, पण अडकलेला पैसा पोटाला चालत नाही.

कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत एक खाट घेऊन राहिली तर कॉटचे सहा हजार, डब्याचे साडेतीन, पीएमपीचा पास दीड हजार, वरखर्च दोन. तेरा हजारांत महिना. म्हणजे नऊ महिने? नाही. कॉटलाही एका महिन्याचं डिपॉझिट घेतात. आजारपण, चष्मा फुटणं, लातूरला जाऊन येणं आहेच. आणि सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे नोकरी लागली त्या दिवशी पगार मिळत नाही. पंधरा तारखेला रुजू झाली तर अर्ध्या महिन्याचा पगार पुढच्या सात-दहा तारखेला. मी सहा महिने धरीन. त्यातले शेवटचे वीस हजार परतीचे, त्यांना हात नाही लावायचा.

ए-३०४ काकू: जूनमध्ये कॉट मिळायची मारामार असते हो. सगळे कॉलेजवाले येतात. माझ्या जावेने कर्वेनगरला मुलींना ठेवलंय, मे संपायच्या आत भरतं तिचं. विचारू का?

ए-२०३ वहिनी: काकू, प्लीज विचारा 🙏

सी-४०२ भाडेकरू: एक सुचवू? बी-२०४ चार महिने रिकामा आहे. मालक बहारीनला. २४ हजारांत तीन नोकरदार मुली मिळून राहिल्या तर?

सेक्रेटरी: सोसायटीचा ठराव आहे, फक्त कुटुंबाला द्यायचं. बॅचलर नाही.

सी-१०३ काका: बरोबर. मागे ए विंगमध्ये रात्री दोन वाजता वाढदिवस चालले होते.

सी-४०२ भाडेकरू: काका, ते वाढदिवस कुटुंबाचे होते. नातवाचा पहिला. मीही बोलावणं होतं म्हणून गेलो होतो.

अण्णा बी-१०१: सेक्रेटरीसाहेब, आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांचे नमुना नियम, काढून बघा. भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आधी कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. घर भाड्याने दिलं की आपण नॉन ऑक्युपन्सीचा जादा आकार घेतो तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २००१ चं परिपत्रक आहे. मग लग्न झालंय का, हे आपण कुठल्या अधिकारात विचारतो?

सेक्रेटरी: अण्णा, ठराव माझ्या आधीच्या कमिटीचा आहे. सर्वसाधारण सभेत मांडा.

ए-२०३ वहिनी: गंमत आहे. तासभर सगळे माझ्या भाचीला पुण्यात कसं राहायचं ते सांगताय, आणि आपल्याच बिल्डिंगमध्ये तिला जागा नाही.

ए-३०४ काकू: तुमची भाची वेगळी हो.

ए-२०३ वहिनी: काकू, प्रत्येक बॅचलर कुणाची तरी भाची असते.

अण्णा बी-१०१: सभेत मी मांडतोच. पण वहिनी, तिच्या हिशेबात बी-२०४ बसत नाही. आठ हजार वाट्याला, वर डिपॉझिट, गॅस, इंटरनेट. भांडण तत्त्वाचं आहे, खिशाला कर्वेनगरची कॉटच बरी. नोकरी लागल्यावर फ्लॅट बघा. तेव्हाही करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. "कशाला उगाच खर्च" म्हणणाऱ्या मालकाला हे ऐकवायचं.

सी-४०२ भाडेकरू: अजून दोन गोष्टी. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. फोटो दाखवून "बदलीवर चाललोय, टोकन टाका, क्यूआर पाठवतो" म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि नोकरी लावतो म्हणून नोंदणी फी मागणारी ऑफिसं. मी आलो तेव्हा एकाला तीन हजार देऊन बसलेला मुलगा माझ्याच खोलीत होता. त्याला रोज फोन यायचा, मुलाखतीचा नाही, पुढच्या हप्त्याचा.

सी-१०३ काका: ठीक आहे, येऊ दे. पण किती दिवस शोधायचं ते घरी आधी बोलून घ्या. नाहीतर दर रविवारी फोनवर तेच भांडण.

अण्णा बी-१०१: ३१ ऑक्टोबर. ऑडिटचा हंगाम संपतो. तोवर हंगामी का होईना, काम मिळालं नाही तर दिवाळीला सामान घेऊन घरी. त्यात कमीपणा नाही.

(रात्री)

ए-२०३ वहिनी: ताईशी आणि भाचीशी बोलणं झालं. दिवाळीपर्यंतचं ताईला पटलं. मार्केट यार्डाचं ऐकून भाची हसली, म्हणाली, "डाळीपासून पळून येत होते." पण यादी करायला घेतलीये. मे महिन्यात २२ तारखेला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघून तीन दिवस येतेय, रजा काढून. आधी फिरून बघते, मग राजीनामा. आमच्याकडेच उतरेल. काकू, जाऊबाईंकडे २३ ला जमेल का? आणि अण्णा, तिने विचारलंय, पगार किती मागायचा?

ए-३०४ काकू: जमेल. चारच्या आत या म्हणाली. रात्री दहाचा नियम आहे तिथे, आधीच सांगते.

अण्णा बी-१०१: "पुण्यात खर्च फार" म्हणून मागू नये, मालकाला तिच्या खर्चाशी घेणं नाही. किती फर्मची ३बी स्वतः भरली, किती नोटिसांना उत्तरं तयार केली, ते सांगावं आणि वीस म्हणावं. अठरावर आला तर घ्यावं, सहा महिन्यांनी वाढीचं बोलून. हातात काय काय कागद आहेत तिच्या? पगारपत्रक, पीएफ?

ए-२०३ वहिनी: काहीच नाही. पगार रोख देतात.

अण्णा बी-१०१: वाटलंच. मग राजीनाम्याचं तोंडातून काढायच्या आधी लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे म्हणावं, रुजू झाल्याची तारीख घालून. आणि या दोन महिन्यांचा पगार खात्यात टाकायला सांग.

ए-२०३ वहिनी: मालकांना संशय येईल ना?

अण्णा बी-१०१: येऊ दे. बँकेच्या कर्जासाठी हवंय म्हणावं.

सी-१०३ काका: खोटं बोलायला शिकवताय?

अण्णा बी-१०१: बरं, मग खरं सांगू दे. पण पत्र हातात पडल्यावर.