अनुभव धागा: फरशी आणि गालिचा, दोन्हींसाठी व्हॅक्यूम क्लीनर

टिळकवाडी, बेळगाव

गेल्या आठवड्यात आमचा बारा वर्षांचा व्हॅक्यूम क्लीनर गेला. आधी आवाज बदलला, मग धूर निघाला आणि हॉलभर जळका वास पसरला. सासूबाईंना दमा आहे. झाडूनं उडणारी धूळ त्यांना अजिबात सोसत नाही, त्यामुळे नवा घेणं भागच आहे.

दोन दुकानं फिरून आले. दोन्हीकडे पहिला प्रश्न बजेटचा आणि दुसरा "किती वॉटचा दाखवू?" घरात केर कसला पडतो, जमिनीवर काय अंथरलंय, हे कुणी विचारलंच नाही.

आमच्याकडे सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, स्वयंपाकघरात तेवढी जुनी शहाबादी फरशी. हॉलमध्ये सहा बाय चारचा लोकरी गालिचा आणि सासूबाईंच्या खोलीत सुती जमखाना. जुनं मशीन टाइल्सवर छान चालायचं, पण गालिच्यावरून नुसतं वरवर फिरायचं. जमखान्यावर तर त्याचा कोपराच तोंडात ओढून घ्यायचं आणि घुसमटून ओरडायचं.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे फरशी कसली, केर कसला, मशीन कुठल्या प्रकारचं आणि किती वर्षं टिकलं, ते सांगा. खरेदी चुकली असेल तर ती आधी सांगा. कंपनीचं नाव नसलं तरी चालेल.

शहापूर

अक्का, आमचं घर मागाचं आहे. खाली दोन पॉवरलूम, वर आम्ही राहतो. माग चालू असला की धाग्यांचं तूस जिन्यानं वर येतंच, दार लावा नाहीतर पडदा सोडा. फरशीवर त्याचे गोळे होऊन कोपऱ्यात लोळतात, ते उचलणं सोपं. गालिच्यात मात्र तूस विणल्यासारखं बसतं.

पहिली खरेदी आमची चुकली. पिशवी नसलेला, पारदर्शक डब्याचा घेतला. डब्यात केर गरगरताना दिसतो, ते बघूनच भुललो. तूस आतल्या चाळणीला गुंडाळायचं आणि दहा मिनिटांत ओढ संपायची. मग गॅलरीत बसून जुन्या दातब्रशनं चाळणी साफ करायची, म्हणजे बाहेर काढलेलं तूस परत नाकात. दीड वर्षात तो भावाला देऊन टाकला. त्याच्याकडे मातीचाच केर आहे आणि तिथं तो अजून उत्तम चालतोय. मशीन वाईट नव्हतं, आमच्या केराला ते चाललं नाही.

दुसरा घेतला तो पिशवीचा, चाकांवर मागून येणारा, ज्याला कॅनिस्टर म्हणतात. तूस पिशवीतच राहतं, पिशवी भरली की तोंड बंद करून टाकून द्यायची. घेताना पिशव्या बेळगावात मिळतात का ते विचारून घ्या आणि दहा-बारा एकदम आणून ठेवा.

आता महत्त्वाचं. फरशी आणि गालिचा या दोन्हींना एक तोंड पुरत नाही. फरशीला मऊ केसांचं, न फिरणारं तोंड हवं. फिरता ब्रश टाइल्सवर लावला तर तांदळाचे दाणे, खडे पाठीमागे उडतात आणि पायाला लागतात. गालिच्याला मात्र फिरता ब्रशच हवा, कारण लोकरीच्या मुळाशी बसलेली माती नुसत्या ओढीनं वर येत नाही, ती आधी झटकावी लागते. आमच्यात त्यासाठी टर्बो ब्रश आहे. त्याला वेगळी मोटर नाही, ओढल्या जाणाऱ्या हवेवरच फिरतो. मोटरवर फिरणारा ब्रश त्याहून जोरकस असतो, जाड गालिचा असेल तर तो बघा.

त्या ब्रशला धागे आणि बायकांचे लांब केस गुंडाळतात. दर पंधरवड्याला मी तो उलटा करून शिवणाचे टाके उसवायच्या हत्यारानं कापून काढते. त्या पंधरवड्यात मागावर कुठल्या साड्या होत्या ते रुळावर वाचता येतं: एका टोकाला अंजिरी, मध्ये हिरवा, आणि सगळ्यांत वर कालचा मोरपंखी.

खानापूर

आमचा प्रश्न तांबड्या मातीचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबतो कुठे? कणकुंबीच्या बाजूला नातेवाईक आहेत, ते आले की चपलांबरोबर अर्धं शेत सोप्यात येतं. शिवाय भाताची तुसं, गुरांचे केस.

आम्ही ओला-सुका दोन्ही ओढणारा, वीस लिटरच्या पिंपाचा घेतला. सोपा, पडवी, जीप सगळं त्यावर निघतं. एकदा छपरातून गळून सोप्यात पाणी साठलं, तेही ओढलं. पण पाणी ओढण्याआधी आतला सुक्याचा फिल्टर काढून स्पंजचा घालावा लागतो. मी तो काढला नाही. फिल्टर भिजला, नीट न वाळवता तसाच ठेवून दिला आणि आठ दिवसांनी मशीन चालू केल्यावर घरभर कुबट वास. सासूबाईंना दमा असेल तर हे मुद्दाम लक्षात ठेवा. बुरशी लागलेला फिल्टर धुळीपेक्षा वाईट. आता काम झालं की पिंप उघडं आणि नळी उन्हात.

गालिच्यावर चिखल पडला तर घाई करू नका. ओला चिखल घासला की तो खाली मुरतो आणि तांबडा डाग कायमचा राहतो. पूर्ण वाळू द्या, कडक ब्रशनं फोडा, मग ओढा.

फ्लॅटसाठी मी हे मशीन सुचवणार नाही. जड आहे, आवाज फार आहे, आणि गालिच्यासाठी त्याच्याबरोबर काहीच धड मिळत नाही.

निपाणी

मी शाळेत शिकवते. आमच्या गल्लीत तंबाखूची वखार आहे. हंगामात हवेतच तंबाखूची भुकटी असते, आणि वर शेतातली काळी माती. आमच्या घरी माझ्या मुलाला दमा आहे, म्हणून टिळकवाडीच्या ताईंसाठी सविस्तर लिहिते.

व्हॅक्यूम क्लीनर ओढतो किती यापेक्षा मागून बाहेर काय सोडतो ते आम्हाला महत्त्वाचं. आमच्या पहिल्या स्वस्त मशीननं फरशी लख्ख व्हायची आणि अर्ध्या तासानं मुलगा शिंकायला लागायचा. कारण कळेना. एके दिवशी मशीनच्या मागच्या जाळीवर ओला पांढरा रुमाल धरला. दोन मिनिटांत त्यावर तपकिरी गोल उमटला. म्हणजे जाड केर आत राहत होता आणि सगळ्यांत बारीक भुकटी, जी छातीत जाते, तीच हवेत परत येत होती.

नंतर घेतला तो एच-13 दर्जाच्या हेपा फिल्टरचा. हा फिल्टर अडवायला सगळ्यांत अवघड अशा आकाराचे कणही 99.95 टक्के अडवतो. पण नुसता फिल्टर चांगला असून भागत नाही. त्याच्या कडेला रबराची घट्ट बैठक नसेल तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते. खोक्यावर "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" लिहिलं असेल तर तो घेऊ नका. आणि फिल्टर धुण्याजोगा आहे की बदलायचा, हे आधीच विचारा. आमचा बदलायचा आहे. मी पहिला धुऊन वाया घालवला.

मुलांना मी वर्गात जेम्स मरे स्पँगलरची गोष्ट सांगते. अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणारा माणूस. धुळीनं त्याचा दमा वाढायचा. त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून केर ओढणारं यंत्र बनवलं आणि 1908 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे त्याचे हक्क हूवर नावाच्या उद्योजकानं घेतले. हातात धरून चालवायचं हे यंत्र दम्याच्या माणसानं स्वतःच्या छातीसाठी केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा. पिशवी किंवा डबा त्यांनी रिकामा करायचा नाही, आणि घरातही करायचा नाही.

बेळगाव, दुरुस्तीचं दुकान

वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

वॉट म्हणजे मशीन लाईट किती खातंय ते. ओढतंय किती ते नव्हे. युरोपात 1 सप्टेंबर 2014 पासून 1600 वॉटच्या वरचे आणि 2017 पासून 900 वॉटच्या वरचे नवे घरगुती क्लीनर बाजारात आणायला बंदी आली. लोकांचे गालिचे घाण राहिले का? नाही. तोंड, नळी आणि पंखा चांगला बनवून कमी वॉटमध्ये तेच काम व्हायला लागलं. खोक्यावर ओढ किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते, ती बघा, आणि हवा किती वाहते तेही विचारा.

प्लगचं बघा. साध्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर 230 व्होल्टला जेमतेम 1380 वॉट चालतात. 1600 वॉटचं मशीन त्यावर लावलं की सॉकेट तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं. 16 अँपिअरच्या पॉइंटवरच लावायचं. जुन्या वाड्यांत तो फक्त गिझरजवळ असतो, मग वायर पुरत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर तर लावूच नका.

माझ्याकडे जळून येणाऱ्या मशीनांत निम्म्याहून जास्तीचं कारण एकच, तुंबलेला फिल्टर. मोटर त्याच हवेनं थंड होते. हवा अडली की ती तापते. आणि फिल्टर तुंबवणारी वस्तू म्हणजे रांगोळी. दिवाळीनंतर माझ्याकडे रांग लागतेय. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती ओल्या फडक्यानं उचला. पीठ, राख, सिमेंट यांचंही तसंच. घराला रंग द्यायच्या आधी भिंत घासल्यावरची पूड तर मशीनला दाखवू पण नका.

आवाज बदलला की त्याच दिवशी बंद करा. पुष्कळदा नुसते मोटरच्या आतले, तिला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात, थोडक्या पैशांत बदलून मिळतात. ताई, तुमचं जुनं फेकू नका, एकदा आणून दाखवा.

हिंदवाडी, बेळगाव

आई-बाबांसाठी मी रोबोट घेतला. आईचे गुडघे दुखतात, तिला वाकवत नाही. टाइल्सवर तो खरोखर चांगला आहे. पलंगाखाली जाऊन येतो, रोजची धूळ साठतच नाही.

पण आपल्या घरांना उंबरे असतात. बहुतेक रोबोट साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत चढतात, आमचा देवघराचा आणि स्वयंपाकघराचा उंबरा त्याहून उंच. उंबरा काढायचा विचारही आईनं ऐकून घेतला नाही आणि मलाही तिचं पटलं. देवघर ती केरसुणीनंच झाडते. लक्ष्मीपूजनाला जिची पूजा करतो तिला अडगळीत टाकायचं नाही, असं तिचं म्हणणं.

दुसरी गोष्ट, आमच्या गालिच्याला काळा काठ आहे. रोबोटच्या पोटाखाली पायरी ओळखणारे सेन्सर असतात, त्यांना गडद काळा रंग खड्ड्यासारखा वाटतो. काठापाशी आला की तो मागे फिरायचा. शेवटी गालिचा बदलला. गोंडे असतील तर तेही दुमडून खाली घाला, नाहीतर ब्रशात अडकतात.

रोजच्या हातासाठी रोबोट घ्या. गालिच्याच्या आठवड्याच्या सफाईला दुसरं काहीतरी लागतंच.

चिकोडी

बिनवायरचा घेतला, दवाखान्यातली ड्युटी करून येते त्यामुळे पटकन हाती लागणारा हवा होता. दोन खोल्यांना पुरतो. साध्या वेगावर अर्धा तास, पण गालिच्यावर जोर वाढवला की आठ-नऊ मिनिटांत बॅटरी संपते. तिसऱ्या वर्षी बॅटरी निम्म्यावर आली. बॅटरी निघणारी आणि वेगळी विकत मिळणारी असेल तरच घ्या.

संकेश्वर

ताई, तुम्ही जमखान्याचं लिहिलंत म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे नवलगुंदचा जमखाना आहे, माझ्या लग्नात आलेला. धारवाड जिल्ह्यात बायका हातमागावर हे विणतात, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. अशा सपाट, सुती विणीला फिरता ब्रश लावू नका. त्यात लोकर नसते, ब्रशाला धरायला काही नाही, तो थेट धागाच खरवडतो. माझ्या सुनेनं एकदाच लावला, काठाचे दोन धागे वर आले, ते मी सुईनं आत ओढले.

मी आजही जमखाना गच्चीवर कठड्याला टाकून उलट्या बाजूनं काठीनं झोडते आणि दुपारचं कडक ऊन देते. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा मशीनचं साधं तोंड, दांड्यावरची हवा सोडायची पट्टी अर्धी उघडून. मग कोपरा उचलत नाही.

टिळकवाडी, बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घेऊन आले.

जाताना तीन पुड्या नेल्या होत्या: खानापुरी तांबडी माती, थोडे तांदूळ आणि माझ्या कंगव्यातले केस. दुकानदार आधी नको म्हणाले, मग त्यांनीच गालिच्याचा एक तुकडा अंथरला. माती हातानं दाबून आत जिरवली आणि तीन मशीनं एकामागून एक लावून बघितली. सगळ्यांत जास्त वॉटच्या मशीननं वरवरची माती नेली. तुकडा उलटा करून झटकला तर फरशीवर तांबडी रेघ पडली. मोटरच्या ब्रशचं कॅनिस्टर 850 वॉटचं, त्यानंतर झटकलं तेव्हा अगदी थोडं पडलं. तांदूळ त्याच्या फरशीच्या तोंडानं एकाच फेरीत उचलले. पिशवीचं आहे, एच-13 फिल्टर आहे, दांड्यावर हवा सोडायची पट्टी आहे. पिशव्या बारा घेतल्या.

निपाणीच्या बाई, रुमाल ओला करून मागे धरला होता. पाच मिनिटांनी बघितला, पांढराच.

जमखान्यावर पट्टी उघडून साधं तोंड फिरवलं, कोपरा पायाखाली धरला. उचलला नाही. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, संध्याकाळी त्यांना पंप लागला नाही. आमच्या कामाच्या अक्का कानडी बोलतात, केराला कस म्हणतात. त्यांनी मशीनचं नाव 'कस ओढणारं' ठेवलंय आणि फिरता ब्रश कुठे लावायचा, कुठे नाही, ते एकदा सांगितल्यावर परत विचारलं नाही.

दादा, जुनं मशीन पोत्यात बांधून ठेवलंय. शनिवारी दुकानात घेऊन येते.