‘चुंबकीय वादळ’ की ‘सौर वादळ’?

प्रश्न :
सूर्यावर ज्वाला उसळली की बातमी येते, ‘सौर वादळ पृथ्वीवर धडकणार’. कुठे ‘चुंबकीय वादळ’ म्हणतात, कुठे ‘भूचुंबकीय वादळ’. तिन्ही एकच का? सातवीच्या मुलांसाठी पाठ लिहितेय. आणि ज्यात वारा नाही त्याला वादळ का म्हणायचं?

अलिबागकर :
एकच नाहीत, आणि ही सरमिसळ मला फार खटकते. सूर्यावर होतो तो स्फोट. चुंबकीय वादळ म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, ती होते पृथ्वीभोवती.

सौरज्वाला म्हणजे प्रखर प्रकाश आणि क्ष-किरण. ते ८ मिनिटांत पोचतात, रेडिओ संदेश बिघडवतात, पण होकायंत्राच्या सुईला फारसा धक्का देत नाहीत. तो धक्का देतो विद्युतभारित कणांचा ढग, जो सूर्यावरून स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन निघतो. त्याला एरवी दोन-तीन दिवस लागतात. ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचं असेल तरच मोठं वादळ उठतं. नाहीतर ढग येऊन जातो आणि फारसं काही घडत नाही. म्हणून ‘सौर वादळ’ हा शब्द मी पाठातून काढून टाकेन. त्यातून ज्वाला, ढग की परिणाम, काहीच कळत नाही.

उदाहरण आपल्या घरचंच आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौरडागांजवळ लख्ख उजेड दिसला. ती सौरज्वाला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ उठलं आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळला. आज जगभरचे अभ्यासक ती नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापाचं हे काम १९०४ साली आमच्या अलिबागला आलं. मुलांना जमलं तर ती वेधशाळा बाहेरून तरी दाखवा.

भाषांतर करणारा :
वाऱ्याबद्दल. ‘चुंबकीय वादळ’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट यांचा. बर्लिनमध्ये रात्र-रात्र सुई पाहत असताना ती अचानक भिरभिरू लागली, त्याला त्यांनी चुंबकीय वादळ म्हटलं. सूर्याशी नातं तेव्हा ठाऊक नव्हतं. ‘सौर वारा’, म्हणजे सूर्यापासून सतत वाहणारा कणांचा प्रवाह, ही कल्पना शास्त्रज्ञ पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडली. म्हणजे आधी वादळ, मग वारा!

‘भूचुंबकीय’ आणि ‘चुंबकीय’ वादळ एकच. ‘भू’ शास्त्रीय लेखात हवा, सातवीला ‘चुंबकीय वादळ’ पुरे. क्रियापदही जपा. ढग ‘धडकतो’, वादळ ‘उठतं’ आणि ‘शमतं’.

प्रश्न :
फार उपयोग झाला. आणखी एक. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तांबडी झाक दिसली होती. तो फोटो घेतेय. खाली ‘ध्रुवीय प्रकाश’ (ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) लिहू? हानले तर ध्रुवापासून कितीतरी दूर.

भाषांतर करणारा :
त्याच कारणाने मी तिथे ‘अरोरा’ हे त्याच प्रकाशाचं दुसरं नाव लिहीन. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता. तिचं नाव आणि आपली वेदांतली ‘उषा’ एकाच मूळ शब्दातून आलेत. हानलेच्या त्या तांबूस क्षितिजाला हे नाव मला जास्त शोभतं.