अक्षरं उलटसुलट केली की इंग्रजी येतं का?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर रविवारी मुलांचा एक वर्ग भरतो. बोर्डावर नोटीस आहे : 'खेळता खेळता इंग्रजी सुधारा', फी महिना बाराशे. मुलगी पाचवीत, तिला घातलं. शिकवतात काय, तर अ‍ॅनाग्रॅम. एका शब्दाची अक्षरं हलवायची आणि त्यातून दुसरा शब्द काढायचा. 'लिसन'ची सहा अक्षरं हलवली की 'सायलेंट' होतं, 'एनलिस्ट' होतं, 'टिन्सेल' होतं, 'इनलेट्स'सुद्धा होतं. पोरगी घरी येऊन धडाधड म्हणून दाखवते. "टिन्सेल म्हणजे काय गं?" विचारलं की खांदे उडवते.

माझं म्हणणं सरळ आहे. हा अक्षरांचा हिशेब झाला, भाषा नव्हे. स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! शब्दकोशातले शब्द पाठ केले आणि गेला खेळायला. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. माणूस अचाट आहे, प्रश्नच नाही. पण अर्थ कळल्याशिवाय त्या भाषेतलं जगज्जेतेपद मिळत असेल, तर त्या खेळाला भाषेचा क्लास कसं म्हणायचं? खेळा हवं तितकं. इंग्रजीच्या नावाने पैसे का घेता?

नौपाड्याची वहिनी

धागाकर्ते, रिचर्ड्सचं उदाहरण पाचवीच्या पोरीला कशाला लावता? तो यादी पाठ करून गेला, तुमच्या लेकीला शब्दाच्या आत काय आहे ते बघायला लावतायत.

मी गेली कित्येक वर्षं घरी शिकवण्या घेते, बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. ही मुलं इंग्रजी कानाने लिहितात, कारण मराठीत तसं चालतं. 'लिसन' लिही म्हटलं की एल, आय, एस, ई, एन. टी गायब! दहा वेळा लाल पेनाने टी घातला तरी अकराव्यांदा तेच. मग एकदा त्याच अक्षरांच्या चिठ्ठ्या केल्या आणि म्हटलं, यातून 'सायलेंट' काढ. सायलेंटमध्ये टी चांगला खणखणीत ऐकू येतो, त्यामुळे पोरगं टी शोधायला लागलं. चिठ्ठी कमी पडते म्हणून माझ्याशी भांडलं. मी म्हटलं, अरे, तुझ्याच लिसनमधली हरवली आहे. त्यानंतर त्याचा टी सुटला नाही. आता सांगा, याला इंग्रजी म्हणायचं की नाही?

घोडबंदरकर

वहिनी, उदाहरण झकास. पण हे तुम्ही केलंत. आमच्याकडे यादी फळ्यावर लिहितात आणि मुलं वहीत उतरवून घेतात. आणि स्पेलिंग म्हणजे भाषा नव्हे, या मुद्द्यावर मी ठाम आहे.

तिसरा डबा

ठाणे ते ऐरोली उभ्याने जाताना वाचतोय, म्हणून थोडक्यात. 'इलेव्हन प्लस टू' याची अक्षरं हलवली की 'ट्वेल्व्ह प्लस वन' होतं. दोन्हीकडे उत्तर तेरा, आणि अक्षरंही तेरा. 'डॉर्मिटरी'चं 'डर्टी रूम' होतं, हॉस्टेलवर राहिलेल्यांना पटेल. याला अर्थ नाही म्हणणाऱ्यांनी आधी हसून घ्यावं.

सानपाडा फिजिक्स

हसणं ठीक आहे, पण गंमत जुळली म्हणून त्यात अर्थ असतोच असं नाही. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन बाजूंना काहीतरी दिसलं. शोधाचा मान हातचा जाऊ नये आणि गुपितही फुटू नये, म्हणून त्याने लॅटिन वाक्याची अक्षरं विस्कटून कळवली. केप्लर ती जुळवत बसला आणि त्याने भलतंच वाक्य काढलं : मंगळाला दोन चंद्र आहेत. गॅलिलिओचं म्हणणं होतं, सर्वांत उंचावरचा ग्रह, म्हणजे शनी, तिहेरी दिसतो. आणि कहर बघा, १८७७ मध्ये मंगळाला खरंच दोन चंद्र सापडले! केप्लर एवढा मोठा गणिती, अक्षरांत चुकला आणि आकाशात बरोबर निघाला. निव्वळ योगायोग.

पण धागाकर्त्यांनाही एक सांगतो. अकरावीत स्प्रिंगचा जो नियम येतो तो रॉबर्ट हुकने १६७६ मध्ये असाच छापला : लॅटिन वाक्याची चौदा अक्षरं वर्णानुक्रमे लावून. वाक्य उघड केलं १६७८ मध्ये. स्प्रिंग जितकी ताणली जाईल तितकं बल, असा त्याचा आशय. म्हणजे अ‍ॅनाग्रॅम ही त्या काळी शोधावर हक्क सांगणारी पावती होती. पोरखेळ म्हणून उडवून लावू नका.

कोडकरी ऐरोली

हुकने केलं तेच आम्ही आजही करतो. इंटरव्ह्यूला नव्या पोरांना हमखास विचारतात : दोन शब्द अ‍ॅनाग्रॅम आहेत का, कसं ओळखाल? सगळ्या जुळण्या करून बघत बसलात तर गेलात, सहा अक्षरांच्याच ७२० होतात. दोन्ही शब्दांची अक्षरं क्रमाने लावायची. लिसन असो की सायलेंट, दोन्हीचं ई, आय, एल, एन, एस, टी होतं. विषय संपला. मुरलेले स्क्रॅबलवालेही शब्द याच क्रमाने लक्षात ठेवतात. त्यामुळे हिशेब आहे हे मान्य, पण बाराशे रुपयांत तो शिकत असतील तर महाग नाही.

उलट मी म्हणतो, मराठीत का नाही करत? याच पद्धतीने 'नवरा' आणि 'वानर' एक येतात. बायकोला सांगितलं तर म्हणाली, यासाठी कॉम्प्युटर कशाला लागला.

वाशीचे मास्तर

कोडकरी, थांबा. 'नवरा'त न, व, रा अशी तीन अक्षरं. 'वानर'मध्ये वा, न, र. 'रा' आणि 'वा' एकच कसे? आपण लहानपणापासून 'रामाला भाला मारा' उलटं वाचतो ते अक्षराने वाचतो, मात्रा सुटी करून नाही. खरी जोडी म्हणजे 'वाडा' आणि 'डावा', 'चहा' आणि 'हाच', 'मगर' आणि 'गरम'. काना उचलून दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायचा असेल तर काहीही जुळेल.

कोडकरी ऐरोली

मास्तर, काहीही नाही जुळत, करून बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तीत, काना वेगळा साठवला जातो, म्हणून प्रोग्रॅमला तो सुटा दिसतो. आणि तुमचं व्याकरणही माझ्याच बाजूने आहे की! वर्ण सोडवा : नवरा म्हणजे न्, अ, व्, अ, र्, आ. वानर म्हणजे व्, आ, न्, अ, र्, अ. तेच सहा वर्ण. 'नाक' आणि 'कान' तसेच. आणि ठाणेकरांसाठी खास : 'कळवा' आणि 'वाकळ'.

वाशीचे मास्तर

कळवा आणि वाकळ चांगलं आहे, दाद देतो. पण व्याकरण आणि तुमचं यंत्र एक नव्हेत. 'आग' आणि 'अगा' घ्या. वर्ण सोडवले तर दोन्हीकडे आ, ग्, अ. यंत्राला मात्र सुरुवातीचा आ वेगळा आणि ग ला लागलेला काना वेगळा. तुमचा प्रोग्रॅम ही जोडी नापास करील. तेव्हा आधी ठरवा, मोजायचं काय? अक्षर, वर्ण की कळफलकावरची खूण? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, म्हणून तिथे हा खेळ सुटसुटीत वाटतो.

कोडकरी ऐरोली

आग-अगा खरंच नापास झालं, आत्ताच चालवून बघितलं. आधी वर्ण सोडवून मग क्रम लावायला हवा. जोडाक्षरांचं काय करायचं ते आज रात्री बघतो.

घोडबंदरकर

अहो, माझा धागा कुठून कुठे नेलात! पण मास्तरांनी जे विचारलं ना, मोजायचं काय, तसला एक प्रश्न जरी रविवारच्या वर्गात कुणी विचारला असता तरी मी फीबद्दल तोंड उघडलं नसतं. तिथे फक्त यादी उतरवतात. वहिनींच्या चिठ्ठ्या मी उद्या घरी करून बघणार. वर्गाबद्दलचं मत कायम.

नौपाड्याची वहिनी

चिठ्ठ्या जाड कार्डाच्या करा, कागदाच्या पंख्याखाली उडतात. आणि सुरुवात सोप्या शब्दाने करा, टिन्सेलने नको. शब्द निघाला की त्याच शब्दाचं वाक्य करायला लावायचं, वाक्य नाही तर गुण नाही. मग टिन्सेल म्हणजे काय ते ती स्वतःच शोधेल.

तिसरा डबा

ऐरोली आलं. नोटीस बदला : 'खेळता खेळता स्पेलिंग सुधारा', फी सहाशे. भांडण मिटलं.

घोडबंदरकर

सहाशेही जास्तच होतात. येत्या मीटिंगला मांडतो.