गजबजलेल्या ऑफिसात कॉलसाठी वायरलेस हेडसेट: दांडीचा माइक की कानातले बड्स?

ऐरोली_शिफ्टवाला :
सरळ मत मांडतो, पटत नसेल तर खोडून काढा. दिवसभर कॉल घ्यायचे असतील तर कानात घालायचे बड्स घेऊ नयेत. गालावरून तोंडाशी दांडी येते तसला हेडसेट घ्यावा, मग त्यात गाणी कशीही वाजोत.

आमचं ऐरोलीत विमा क्लेमचं काम. हॉल सगळा उघडा, मध्ये कंबरेएवढी पार्टिशन, आणि अकरा ते एक सगळे एकदम फोनवर. पलीकडे बहुतेक साठीच्या पुढचे पॉलिसीधारक. गोंगाटात 'बासष्ट'चं 'पासष्ट' ऐकू जातं आणि मग भलत्याच फाइलवर दहा मिनिटं जातात. टीमसाठी नवे हेडसेट घ्यायचेत, वायरलेस हवेत असं वरून ठरलंय. त्यावरून आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात. बड्सवाल्यांचं म्हणणं, खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलंय ना, मग विषय संपला.

नाही संपत. खोक्यावर मोठ्या अक्षरात असते ती बहुतेक एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या लहरीने मारायची सोय, आणि ती घालणाऱ्याच्या कानासाठी असते. एसीची घरघर, पंखा, विमानाचं इंजिन असले सलग, खालच्या पट्टीतले आवाज ती छान कापते. शेजारच्या टेबलावरचं बोलणं तितकं कापता येत नाही. पॉलिसीधारकाला तर तिचा काडीचा उपयोग नाही, त्याला काय ऐकू जाईल ते माइक ठरवतो. बड्सचा माइक कानाशी, म्हणजे तोंडापासून चार-पाच इंच. दांडीचा माइक इंचभरावर. अंतर निम्मं झालं की माइकमध्ये तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे दांडीवाल्यात तुमचा आवाज १२ ते १४ डेसिबल वर आणि शेजाऱ्याचा होता तिथंच. बिनखर्चाची एवढी मदत सोडायची कशाला?

ट्रान्सहार्बर_प्रवासी :
अंतराचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही जुन्या जमान्यात अडकलात. आता एकेका बडमध्ये दोन-तीन माइक असतात. तोंडाच्या दिशेचा आवाज धरायचा आणि बाकीचा टाकायचा हे ते आपसात ठरवतात. त्यावर टीम्स आणि झूममध्ये स्वतःची आवाज-गाळणी आहे, क्रिस्पसारखी वेगळी सॉफ्टवेअरं आहेत. इतके थर असताना दांडी म्हणजे बाबा आदमच्या काळातली गोष्ट.

दुसरं, माझा पहिला कॉल ठाणे स्टेशनावर सुरू होतो आणि रबाळे येईपर्यंत चालतो. ती दांडी डोक्यावर घेऊन लोकलमध्ये चढू? बड्स खिशात मावतात, घरी, गाडीत, ऑफिसात एकच वस्तू. माणसाने दोन-दोन यंत्रं चार्ज करत का बसावं?

ऐरोली_शिफ्टवाला :
लोकलमधल्या कॉलला बड्स घ्या की, कोण नको म्हणतंय. प्रश्न ऑफिसातल्या सात-आठ तासांचा आहे. बहुतेक बड्स सलग बोलताना तीन-पाच तासांत मान टाकतात, मग डबीत ठेवा आणि बसा वाट बघत.

आणि त्या गाळणीबद्दल. कुत्रं, मिक्सर, हॉर्न असलं काही असेल तर ती कमाल करते. आमच्याकडे मागचा आवाजही माणसाचाच, तोही मराठीत, तोही क्लेम नंबरच सांगणारा. कुठला आवाज ठेवायचा हे सॉफ्टवेअरला कळायला अवघड जातं. मग ते वाक्याची सुरुवात खातं किंवा शेवटचं अक्षर गिळतं. नेमका आकडा जातो.

तारवाला_वागळे_इस्टेट :
मला दोन्ही पार्ट्यांची गंमत वाटते. वायरलेस हवंच हे कुणी ठरवलं? माणूस खुर्चीला चिकटलेला, लॅपटॉप समोर, पाणी प्यायलाही विचारून उठायचं. त्याला वायरलेस कशाला?

यूएसबी वायरचा, दांडीवाला, बरा हेडसेट दोन-तीन हजारांत येतो. कामाच्या दर्जाचा वायरलेस घ्यायला गेलात तर किंमत सहज दहा हजारांपुढे. वरचे पैसे कशाचे? बॅटरीचे, जी दोन-तीन वर्षांत बसणार, आणि जोडणीच्या कटकटीचे. शिवाय साध्या ब्लूटूथची एक खोड आहे. माइक चालू झाला की ते गाण्यांच्या दर्जावरून फोनच्या दर्जावर उतरतं. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, बऱ्यापैकी हेडसेटमध्ये १६,०००; जितके कमी तितका आवाज दबका. हजारोंचा हेडसेट लॅपटॉपला जोडून मीटिंगमध्ये डबक्यातून बोलल्यासारखा आवाज येतो तो ह्यामुळे. त्यात ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्‌झवर, तिथंच वायफाय आणि तिथंच पँट्रीतला मायक्रोवेव्ह. जेवणाच्या सुट्टीत खरखर वाढली तर नवल नको.

घणसोली_आयटीडेस्क :
तारवाल्या काकांचं अर्धं मान्य, अर्धं नाही. ब्लूटूथ एका जागी बसून मार खात नाही. साधं ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १,६०० उड्या मारतं, आणि २००३ पासून गजबजलेले चॅनेल टाळून उड्या मारायची सोयही त्यात आहे. एखाद-दुसऱ्या मायक्रोवेव्हने कॉल पडत नाही.

आमच्या डेस्कवर येणाऱ्या तक्रारींत दोन कारणं पुन्हा पुन्हा निघतात. पहिलं, हेडसेट थेट लॅपटॉपच्या ब्लूटूथला जोडलेला असतो. हेडसेटसोबत स्वतःचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा, येतो त्याला जोडा. लॅपटॉपला तो यूएसबीचा साउंड कार्ड वाटतो, ड्रायव्हरची निम्मी भानगड मिटते, कॉल उचलायचं बटणही धड चालतं. दुसरं कारण लोकांना सांगूनही पटत नाही. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क किंवा डॉक. यूएसबी ३ च्या वायरी आणि जोडण्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून मांडलंय. हातभर यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला की अर्धी खरखर जाते. शंभर रुपयांचं काम.

एकाच हॉलमध्ये पन्नास-साठ जण एकदम बोलत असतील तर गर्दीचा त्रास खरा. त्यासाठी डेक्ट नावाचा वेगळा वायरलेस प्रकार आहे, तो २.४ वर चालतच नाही. पण इथे सावध राहा. युरोपचा डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झवर, अमेरिकेचा १९२० ते १९३० वर. आपल्याकडे १९२० पासून १९८० पर्यंत मोबाइल कंपन्यांचा पट्टा आहे, फोन तिथूनही टॉवरशी बोलतात. न्यू जर्सीच्या भाच्याने स्वस्तात मिळाला म्हणून आणलेला डेक्ट सेट ऑफिसात लावू नका. इथल्या विक्रेत्याकडून घ्या आणि वायरलेस मालाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची, ईटीए मान्यता आहे का ते लेखी मागा. ब्लूटूथलाही तोच नियम.

समतानगरची_ताई :
सगळे दादा लोक मेगाहर्ट्‌झ मोजतायत, हेडसेट डोक्यावर बसतो कसा ते कुणी बोलत नाहीये. मी टीम लीड आहे, रोज बघते.

दांडी घेतली म्हणजे काम झालं असं नाही. निम्म्या मुली-मुलांची दांडी हनुवटीखाली लोंबते नाहीतर अगदी ओठांसमोर येते. ओठांसमोर ठेवली की आपल्या भाषेतले फ, भ, ख थेट माइकवर आपटतात. 'फॉर्म भरला का' एवढं म्हटलं तरी पलीकडे फस्स-भस्स. तोंडाच्या कोपऱ्याशी, ओठांपासून दोन बोटं बाजूला ठेवायची, फोमची टोपी काढायची नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाची दांडी मी स्वतः सरळ करते.

आता एएनसीबद्दल उलट बाजू. दोन्ही कान गच्च बंद झाले की माणसाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, मग तो ओरडतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टराने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलंय. एकाने चढवला की शेजारी चढवतो, बारा वाजता हॉलचा बाजार होतो. म्हणून घेताना साइडटोन आहे का विचारा, म्हणजे बोलताना स्वतःचा थोडा आवाज कानात येतो. तो सेटिंगमध्ये कमी-जास्त करता यायला हवा. आमच्याकडे हे चालू केलं आणि भांडल्यासारखं बोलणारी दोन-तीन माणसं आपोआप खाली आली. त्यांना सांगून काही फरक पडला नव्हता.

आणि गाद्या. रेक्झिनच्या गाद्यांचे पावसाळ्यात पापुद्रे निघतात, काळे कण कानाला, केसांना, ओढणीला. दोन शिफ्टमध्ये एकच सेट फिरत असेल तर प्रत्येकाला स्वतःची गादी द्या. बदली गाद्या सुट्या मिळतात का हे खरेदीआधी विचारा. चष्मेवाल्यांना कानावर दाबून बसणारा प्रकार देऊ नका, काडीने दुपारपर्यंत कानामागे ठणकतं.

ट्रान्सहार्बर_प्रवासी :
ताई, म्हणजे एका कानाचा हेडसेट घ्यायचा का? एक कान मोकळा, ओरडायचा प्रश्न नाही, हाक मारली तर ऐकू येतं.

समतानगरची_ताई :
शांत ऑफिस असेल तर एक कान उत्तम. गजबजाटात मोकळ्या कानातून सगळं आत येतं, मग माणूस दुसऱ्या कानाचा आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मोठ्या माणसाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासच ऐकावं, म्हणजे बरोबर आपला कामाचा आठवडा. तिथून पुढे आवाज वाढवला की तास झपाट्याने कमी होतात. मी दोन कानांचेच देते. हाक ऐकू न आल्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट बरंच होतं.

सीबीडी_ॲडमिन :
कडू बोलतो. हा सगळा धागा चुकीच्या जागी औषध लावतोय. असल्या ऑफिसांच्या हॉलला तिन्ही बाजूंनी काच, खाली टाइल, वर उघडा छताचा फॅशनेबल सांगाडा आणि दीडशे माणसं. आवाज शोषणारं तिथं काही नाहीच. छताला ध्वनिशोषक पॅनेल, खाली कार्पेट, लांबच्या कॉलसाठी दोन बंद बूथ हे कंपनीचं काम. ते न करता प्रत्येकाच्या डोक्यावर दहा हजारांचं यंत्र चढवायचं आणि म्हणायचं आम्ही सोय केली. माझ्या खात्यातली माणसंच असं करतात म्हणून सांगतोय.

तारवाला_वागळे_इस्टेट :
ॲडमिनसाहेबांना माझा पाठिंबा. पण पॅनेलचं बजेट मंजूर होईपर्यंत ह्यांच्या ग्राहकाला बासष्टचं पासष्टच ऐकू जाणार. तोवर वायरचे घ्या. त्याने जे पैसे वाचतील त्यात बूथ होईल.

ऐरोली_शिफ्टवाला :
काका, वायरला माझा विरोध एकाच कारणाने आहे. आमच्यात फाइल बघायला, सिनियरला विचारायला कॉल चालू असताना उठावं लागतं. दर वेळी हेडसेट काढून टेबलावर, ग्राहक होल्डवर. जे खुर्चीतून उठतच नाहीत त्यांना वायरचे देऊ, हे पटलं. बाकीच्यांना डोंगल आणि दांडी. ॲडमिनसाहेबांचं म्हणणं मेलमध्ये वर पाठवतो, उत्तर काय येईल ते माहीत आहे.

विक्रेत्याकडून नमुने मागवलेत. अकरानंतरच्या गर्दीत एकाच टेबलावरून तोच क्लेम नंबर वाचून दाखवायचा आणि रेकॉर्ड करायचा असा विचार आहे.

घणसोली_आयटीडेस्क :
रेकॉर्ड करताना टीम्सची गाळणी एकदा बंद आणि एकदा चालू ठेवून करा, नाहीतर सॉफ्टवेअरचं श्रेय हेडसेटला जाईल. डोंगल सुटा विकत मिळतो का ते विचारून ठेवा, पहिला हरवतो तोच.

ट्रान्सहार्बर_प्रवासी :
बड्सही ठेवा त्या चाचणीत. आणि ऐकायला टीमबाहेरचं माणूस बसवा, कुठलं रेकॉर्डिंग कशाचं ते त्याला सांगू नका. आकडे त्याने लिहून द्यायचे, मग मोजू कोणाचे किती चुकले.